क्लास सोडल्यावर २ वर्षं ५ किलोमीटरच्या आत शिकवायचं नाही असा बॉण्ड सही केलाय, घरी बॅच सुरू करू शकते का?

डेबिट_क्रेडिट_परळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी एम.कॉम. आहे, लालबागच्या एका क्लासमध्ये जून २०२१ पासून अकरावी-बारावी कॉमर्सला बीके (बुककीपिंग) आणि ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) शिकवते. क्लासचं नाव लिहीत नाही कारण सरांबद्दल मला वाईट बोलायचं नाहीये. लॉकडाऊनमध्ये कुठे काही मिळत नव्हतं तेव्हा त्यांनी घेतलं, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता ४०,००० ॲडव्हान्स दिला आणि पगारातून हळूहळू कापला. ते मी विसरणार नाही. पण आता बाबा नाहीत, आईला दिवसभर एकटं ठेवता येत नाही, पगार २२,००० वर अडकलाय तो अडकलाय, म्हणून ठरवलं की घरीच छोटी बॅच घ्यायची. परळला चाळीत खोली आहे, बाहेरच्या भागात १२ मुलं बसतील, भिंतीला एक पांढरा बोर्ड लागेल, बस्स.

अडचण बॉण्डची आहे. जून २०२३ ला सगळ्या टीचर्सकडून १०० च्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. माझं लेक्चर संपलं होतं, पुढची बॅच दारात उभी, ऑफिसमधल्या दादांनी कागद पुढे केले, जिथे जिथे पेन्सिलने फुली होती तिथे मी सही करत गेले. वाचलं नाही, ती माझी चूक. आता झेरॉक्स मागून घेतली आणि नीट वाचली तर पाचव्या मुद्द्यात लिहिलंय की नोकरी सोडल्यापासून २ वर्षं क्लासपासून ५ किलोमीटरच्या आत स्वतः किंवा दुसऱ्यासाठी कुठेही शिकवायचं नाही, आणि सहाव्यात, मोडलं तर १,५०,००० रुपये भरायचे. मी मोबाईलच्या नकाशावर लालबागपासून ५ किलोमीटर बघितले. दादर आलं, भायखळा आलं, शिवडी, वरळी आली आणि अर्थातच माझं स्वतःचं घर आलं. म्हणजे मी माझ्या घरात बसून शेजारच्या मुलीला डेप्रिसिएशनची एन्ट्री समजावली तरी बॉण्ड मोडला?

सहीचा एक कोरा चेक त्यांच्याकडे आहे. माझी बी.कॉम. आणि एम.कॉम.ची ओरिजिनल सर्टिफिकेटं पण तिकडेच कपाटात आहेत.

बॉण्डमध्ये २ महिन्यांची नोटीस आहे, ती मी फेब्रुवारीच्या शेवटी दिली, बोर्डाचे पेपर संपेपर्यंत एकही लेक्चर चुकवलं नाही, ३० एप्रिल शेवटचा दिवस. सर एवढंच म्हणाले, "बॉण्ड वाचलायस ना?" त्यानंतर धड बोलत नाहीत.

आणि आता बारावीत जाणाऱ्या मुलांच्या आया फोन करतायत, मॅडम तुम्ही कुठे जाताय सांगा, आम्ही तिकडे येतो. सगळ्या पालकांचे नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहेत कारण ग्रुप मीच चालवते. वर्कशीट्स पण मीच बनवलेली, तीन वर्षं रात्री जागून. ओसीला सोशल रिस्पॉन्सिबिलिटीचा धडा मी शिकवते, धंदा करणाऱ्याने मालकाशी, कामगाराशी, ग्राहकाशी कसं वागावं ते मुलांकडून मुद्द्यांसकट पाठ करून घेते, आणि आज माझ्यावर वेळ आली तर मला खरंच कळत नाहीये की काय माझं आहे आणि काय त्यांचं. कायद्याने काय होतं तेही सांगा आणि बरोबर काय तेही सांगा.

गिरणगाव_८९

ताई अजिबात घाबरू नकोस. घटनेचं कलम १९(१)(जी), कुठलाही धंदा-व्यवसाय करायचा मूलभूत अधिकार आहे आपल्याला, स्टॅम्पपेपर घटनेपेक्षा मोठा नाही. सरळ हायकोर्टात रिट टाक, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट अर्ज, बॉण्ड उडेल. आणि सर्टिफिकेट ठेवून घेतात म्हणजे काय, माणूस गहाण आहे का? माझ्या भावाला पण एका ठिकाणी असंच अडकवलं होतं, दीड वर्ष लटकला, चांगली नोकरी हातची गेली. डोकं फिरतं असं वाचलं की.

फोर्टातला_वकील

वरच्या दादांची कळकळ शंभर टक्के पटली, पण रस्ता चुकलाय, आणि हा चुकीचा रस्ता खूप जण पकडतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९(१)(जी) हा मुख्यतः सरकारविरुद्धचा अधिकार आहे. सरकार म्हणजे कलम १२ मध्ये बसणारे सगळे, राज्य सरकार, बीएमसी, सरकारी महामंडळं वगैरे. दादर स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याला बीएमसी उठवते तेव्हा तो हे कलम दाखवू शकतो, १९८९ मध्ये सोदान सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मान्यच केलं की रस्त्यावर माल विकणं हासुद्धा या कलमातला धंदा आहे, फक्त त्यावर वाजवी बंधनं येऊ शकतात, आणि पुढे २०१४ ला फेरीवाल्यांचा कायदा आला. आपल्याकडे २००५ ला डान्स बारवर बंदी आली ती कोर्टात पडली, २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही पाडलीच राहू दिली, तिथेही समोर महाराष्ट्र सरकार होतं. तुमच्यासमोर आहेत एक खासगी क्लास चालवणारे सर. २०२३ मध्ये एका घटनापीठाने बहुमताने म्हटलंय की कलम १९ आणि कलम २१ (जगण्याचा हक्क) खासगी माणसाविरुद्धही वापरता येतील, पण तेवढ्यावर विसंबून क्लासच्या बॉण्डसाठी रिट टाकायला मी कुठल्याही अशिलाला सांगणार नाही. पैसे जातील, वर्ष जाईल.

आणि गरजही नाही. तुमचं उत्तर घटनेच्या ७८ वर्षं आधीच्या कायद्यात आहे. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२, सेक्शन २७. साध्या भाषेत, कोणालाही कायदेशीर धंदा, पेशा, व्यापार करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. "तेवढ्यापुरता" हा शब्द नीट बघा. अख्खा बॉण्ड कचऱ्यात जात नाही, त्यातला अडवणारा भाग जातो. नोटीस पिरियड, गुप्ततेची अट वगैरे राहतं.

इंग्लंडमध्ये कोर्ट बघतं की बंधन वाजवी आहे का, किती वर्षं, किती मैल. आपल्या सेक्शन २७ मध्ये वाजवी-अवाजवी असा शब्दच नाही. लॉ कमिशनने १९५८ मध्ये सुचवलं होतं की वाजवी बंधनं चालतील असा बदल करा, तो बदल झाला नाही. त्यामुळे ५ किलोमीटरऐवजी २ किलोमीटर लिहिलं असतं तरी तुमच्यासारख्या नोकरी सोडून गेलेल्या माणसासाठी फरक पडला नसता. अपवाद आहे तो गुडविल विकण्याचा, म्हणजे उद्या सरांनी क्लास नावासकट कोणाला विकला तर घेणारा त्यांना म्हणू शकतो की इथे जवळपास पुन्हा क्लास काढू नका, तेही वाजवी हद्दीत. पार्टनरशिपमध्येही थोडे अपवाद आहेत. तुम्ही ना क्लास विकलाय ना पार्टनर होतात.

दोन केसेस सांगतो, दोन्ही आपल्याच बाजूच्या. १९६७ ची गोलिकरी केस. कल्याणच्या सेंच्युरीच्या रेयॉन प्लांटमध्ये टायर कॉर्ड विभागात शिफ्ट सुपरवायझर, ५ वर्षांचा करार, कंपनीने ट्रेनिंग दिलं, हे मध्येच सोडून कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत जास्त पगारावर गेले. सुप्रीम कोर्ट म्हणालं, कराराची मुदत चालू असताना दुसरीकडे काम करायचं नाही ही अट चालते. म्हणजे नोकरी चालू असताना अडवलं तर ठीक. दुसरी २००६ ची, आपल्या झहीर खानची. एका कंपनीशी त्याचा ३ वर्षांचा करार होता, त्यात लिहिलेलं की मुदत संपल्यावरही दुसरीकडे जाण्याआधी आम्हाला पहिली संधी द्यायची. तो दुसरीकडे गेला. बॉम्बे हायकोर्टात एका न्यायाधीशांनी त्याला अडवलं, डिव्हिजन बेंचने (त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठाने) ते फिरवलं, सुप्रीम कोर्टाने डिव्हिजन बेंचचं बरोबर धरलं, करार संपल्यावरचं बंधन सेक्शन २७ मध्ये मरतं. तुमच्या बॉण्डमधलं पाचवं बंधन ३० एप्रिलनंतरच सुरू होतं, म्हणून तुम्ही झहीरच्या बाजूला बसता, गोलिकरींच्या नाही.

आणि एक, स्टॅम्पपेपरवर लिहिलं म्हणून बेकायदेशीर अट कायदेशीर होत नाही. आपल्याकडे लोकांना स्टॅम्पपेपरची फार भीती.

ठाणेकर_एचआर

वकीलसाहेब, पण बॉण्ड चालतच नाही असा निरोप जायला नको. गेल्या वर्षी, मे २०२५ ला विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ३ वर्षांच्या आत सोडलं तर २ लाख भरायचे ही अट वैध धरली ना? आमच्या ऑफिसात त्या दिवसापासून सगळे तेच दाखवतात.

फोर्टातला_वकील

बरोबर आठवण केलीत. पण तिथली अट "अमुक वर्षं राहा, आधी गेलास तर एवढे भर" अशी होती, सोडल्यावर दुसरीकडे काम करू नकोस अशी नव्हती. बँक सरकारी, भरतीची पूर्ण जाहीर प्रक्रिया आणि तिचा खर्च, हेही कोर्टाने धरलं. इथे ताईंनी बॉण्डनंतर जवळजवळ ३ वर्षं काढली, नोटीस दिली, मुलांचे पेपर पार पाडले. दोन्ही एका मापात मोजू नका.

दीड लाखाचं म्हणाल तर, जी अटच रद्दबातल ती मोडल्याचा दंड कशाचा? आणि दंडाचा आकडा कागदावर लिहिला म्हणजे तो तसाच मिळतो असंही नाही, सेक्शन ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा.

मला जास्त काळजी चेकची वाटते ताई. कोरा आहे म्हणून निवांत राहू नका. सही तुमची असेल तर रक्कम दुसऱ्याने भरली तरी कायदा सुरुवातीला असंच धरून चालतो की देणं होतं म्हणून चेक दिला, आणि देणं नव्हतं हे दाखवायची पाळी तुमच्यावर येते. चेकबुकच्या अर्धपानावरून नंबर काढा, आजच सरांना लेखी द्या की हा चेक फक्त तारण म्हणून दिला होता, माझ्याकडून काहीही देणं बाकी नाही, परत करा, आणि मग बँकेत स्टॉप पेमेंट द्या. स्टॉप पेमेंट केलं की विषय संपला असं समजू नका हं, त्यावरही १३८ ची (चेक न वटल्याची) नोटीस येऊ शकते. आली तर हातात पडल्यापासून १५ दिवसांच्या आत उत्तर द्या, उशीला घेऊन झोपू नका. आधी लिहिलेलं ते पत्र तेव्हा सगळ्यात जास्त कामाला येईल. ॲडव्हान्सचे ४०,००० पूर्ण फिटलेत ना? त्याच्या सॅलरी स्लिप्स शोधून ठेवा.

सर्टिफिकेटं तुमची आहेत. नोकरीच्या बदल्यात ती अडवून ठेवायचा हक्क मालकाला नाही. त्याच पत्रात मागा.

डेबिट_क्रेडिट_परळ

किती नीट लिहिलंत दादा, दोनदा वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. ॲडव्हान्स ऑगस्ट २०२४ लाच फिटला, स्लिप्स आहेत सगळ्या. चेकचा नंबर सापडला.

पण नोट्सचं आणि नंबरांचं कोणी बोललंच नाही, आणि खरं सांगू तर रात्री झोप त्यानेच उडते. उदाहरण देते. ट्रायल बॅलन्स (डेबिट-क्रेडिटच्या बेरजा जुळवायचा तक्ता) जुळत नाही आणि फरक ९ ने भागला जातो तेव्हा मी मुलांना सांगते की आकडे उलटे लिहिलेत का बघा, ५४ चे ४५ झालेत का. यावर मी एक अख्खं वर्कशीट बनवलंय, चुका मुद्दाम पेरलेले २० ट्रायल बॅलन्स, बेस्टचा कंडक्टर, दादरचा फुलवाला, लालबागचा मसालेवाला अशी नावं घालून. मुलं अक्षरशः भांडून सोडवतात ते. क्लासच्या कॉम्प्युटरवर टाईप केलं, वर क्लासचा लोगो आहे. ते माझं की त्यांचं?

क्लासवाला_डोंबिवली

ताई, मी पलीकडच्या बाजूचा आहे. डोंबिवलीत १९ वर्षं क्लास चालवतोय, तुमच्या सरांच्या खुर्चीत बसलेला माणूस. कोणीतरी ही बाजूही सांगावी म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडचे फिजिक्सचे सर गेले. गेले म्हणजे ५ जानेवारीला, बोर्डाच्या दीड महिना आधी, रविवारी रात्री मेसेज करून. सोमवारी सकाळी ७ च्या बॅचला ३८ मुलं बसलेली आणि फळ्यासमोर कोणी नाही. त्याच आठवड्यात पालकांना फोन गेले की क्लास बंद पडतोय, आमच्याकडे या, फी कमी करून देतो. क्लास बंद पडत नव्हता. २२ मुलं गेली. मी गाळ्याचं भाडं भरायला बायकोची एफडी मोडली. त्यांनी दुसरा क्लास काढला याचा मला आजही राग नाही, मीसुद्धा कोणाकडे तरी नोकरी करूनच बाहेर पडलोय, सगळेच तसे येतात. राग खोटं बोलल्याचा आहे आणि मुलांना अर्ध्यात सोडल्याचा.

त्यानंतर मीही बॉण्ड लिहून घ्यायला लागलो. वरचं वाचून कळलं की त्यातली शिकवू नको ही अट कागदावरच राहणार, आणि सर्टिफिकेट ठेवून घ्यायची पद्धत माझ्याकडेही होती, ती मी आज बंद केली, सहा जणांची दुपारी परत दिली. हे मुद्दाम सांगतोय. भीतीपोटी आपण समोरच्याची भाकरी अडवतो हे तेव्हा लक्षात येत नाही.

तुम्ही त्यांच्यासारखं केलेलं नाही. नोटीस दिलीत, पेपर होईपर्यंत थांबलात. पण पालकांच्या ग्रुपवर "मी नवीन बॅच सुरू करतेय" असा मेसेज टाकू नका. तो ग्रुप सरांनी विश्वासाने तुमच्या हातात दिलाय. ते नंबर तुम्हाला क्लासच्या कामासाठी मिळाले. चाळीच्या दाराला बोर्ड लावा, गणपती मंडळाच्या फळ्यावर लावा, शाळेबाहेर पत्रकं वाटा, ज्याला यायचं तो येईल. तुमच्यासारखी शिकवणारी असेल तर येतीलच.

आणि ज्यांनी सरांकडे बारावीची पूर्ण फी भरलीय त्यांना तुम्ही होऊन बोलावू नका. ते पैसे सरांकडे आहेत, परत मिळतील न मिळतील, मध्ये मुलगा अडकतो.

फोर्टातला_वकील

डोंबिवलीकर सर, सर्टिफिकेटं परत दिलीत हे वाचून फार बरं वाटलं.

कायद्याने बघायला गेलं तर त्यांचं म्हणणं जवळजवळ तसंच येतं. वर्कशीटचं: कॉपीराइट ॲक्ट १९५७ चा सेक्शन १७, पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून जे लिहिलं त्याचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळं ठरलं नसेल तर. तुम्ही पगारी आहात, क्लाससाठीच बनवलं, म्हणजे ते २० ट्रायल बॅलन्सचं वर्कशीट क्लासचं. रात्री घरी जागून केलं तरी कामासाठीच केलं. फाईल पेनड्राइव्हवर नेऊ नका, क्लासच्या कॉम्प्युटरवर राहू द्या. पण ९ ने भागायची युक्ती कोणाचीच मालमत्ता नाही, ती अकाउंट्स करणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांची आहे. कॉपीराइट मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. परळला बसून नवीन २० बनवा, नवीन नावं, नवीन आकडे, नवीन चुका. जून २०२१ च्या आधीच्या तुमच्या वह्या तुमच्याच.

नंबरांचं: १९९५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका माजी कर्मचाऱ्याला कंपनीची ग्राहकांची यादी वापरायला मनाई केली होती, मेहनतीने जमवलेली यादी हीसुद्धा कॉपीराइटची वस्तू धरली. उलट २००६ मध्ये त्याच कोर्टाने एका परदेशी बँकेला सांगितलं की ग्राहकांची नावं गुप्त आहेत असं म्हणून सोडून गेलेल्या बाईंचं दुसरीकडचं काम तुम्ही अडवू शकत नाही. थोडक्यात, तयार यादी उचलून न्यायची नाही, पण डोक्यात असलेली ओळख पुसता येत नाही. एखाद्या आईने स्वतः फोन केला तर तुम्ही उत्तर देऊ शकता, त्यात काही चोरी नाही.

जाहिरातीत "माझ्या विद्यार्थ्याला ९८" असं क्लासच्या मुलांचे फोटो लावून छापू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढलेत, त्यात निकालानंतर मुलाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाव-फोटो वापरायचा नाही असं आहे. तुमची १२ मुलांची बॅच त्यात मोजली जाते की नाही हा वाद घालण्यापेक्षा पाळूनच टाका. बाकी गुमास्ताचं (दुकान-आस्थापना नोंदणीचं) म्हणाल तर २० पेक्षा कमी कामगार असले की नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, तुम्ही एकट्याच. वर्षाला २० लाखांच्या आत फी जमली तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. चाळ कमिटीला आणि मालकाला मात्र आधी विचारा, भाडेकरार बघा.

निवृत्त_प्राध्यापक_गिरगाव

मी ३१ वर्षं बी.कॉम.ला बिझनेस लॉ शिकवलं. वकीलसाहेबांनी सेक्शन २७ इतकं छान उलगडलंय की वर्गात वाचून दाखवावं. एकच जुनी केस जोडतो, मी दर वर्षी यानेच सुरुवात करायचो.

१८७४, कलकत्ता. पितळेची भांडी घडवणारे दोघे, एकाच भागात दुकानं. एक दुसऱ्याला म्हणाला, तू या भागातलं दुकान बंद कर, तू कारागिरांना जी उचल दिलीस ते ९०० रुपये मी तुला देतो. दुसऱ्याने खरंच दुकान बंद केलं. पहिल्याने पैसे दिले नाहीत. दावा कोर्टात गेला आणि दुकान बंद करणारा हरला, कारण धंदा बंद करायचा करारच सेक्शन २७ ने रद्दबातल, मग त्याचे पैसे कसले मागतोस. मुलं दर वर्षी चिडायची. सर, हा तर अन्याय झाला, त्याने शब्द मोडला आणि तोच जिंकला! मी म्हणायचो, हो, कोर्टात जिंकला, पण उद्या त्या बाजारात त्याच्या शब्दावर माल कोण देईल? सेक्शन २७ माणसाचा धंदा वाचवण्यासाठी आहे, शब्द कसा पाळायचा ते त्यात लिहिलेलं नाही.

बाई, तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही दोन्ही विचारलंत.

आणि परळ म्हणालात म्हणून लिहावंसं वाटलं. तुमच्या परळच्याच बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले. बॅरिस्टर होऊन आले तरी नुसत्या वकिलीत भागत नव्हतं, म्हणून १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईत बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ मर्कंटाईल लॉ, म्हणजे व्यापारी कायदा, शिकवायचे. अकाउंट्सच्या मुलांना. ज्यांनी पुढे १९(१)(जी) चा मसुदा हाताखालून घातला ते कधीकाळी तुमच्यासारखेच शिकवून घर चालवत होते. चाळीतल्या खोलीतल्या क्लासला मी कधीच लहान समजत नाही.

गिरणगाव_८९

सर हे माहीतच नव्हतं, आम्ही त्या चाळीसमोरून रोज जातो. आणि वकीलसाहेब, रिटचं मी चुकीचं सांगितलं, माफी. ताई बोर्ड लावायला, बाकं उचलायला माणसं लागली तर आवाज द्या, आम्ही चार जण आहोत.

डेबिट_क्रेडिट_परळ

दहा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना सांगायचं होतं.

पत्र लिहिलं, दोन प्रती काढल्या, एकीवर ऑफिसमधून पोचचा शिक्का घेतला. सर्टिफिकेटं, चेक, दोन्ही मागितलं. त्यात हेही लिहिलं की वर्कशीट्सच्या सगळ्या फाईली क्लासच्या कॉम्प्युटरवर विषयवार लावून ठेवल्यात, मी एकही नेत नाही, आणि पालकांच्या ग्रुपची ॲडमिन ऑफिसच्या नंबरला करून मी बाहेर पडतेय. आणि शेवटी लिहिलं की घरी बॅच घेणार आहे. लपवलं नाही.

३० तारखेला शेवटचं लेक्चर झालं. सरांनी केबिनमध्ये बोलावलं, पत्र समोर होतं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग कपाट उघडून प्लास्टिकच्या पिशवीतून सर्टिफिकेटं काढून दिली. चेक दिला नाही, म्हणाले सीएला विचारून सांगतो. स्टॉप पेमेंट मी त्याच दुपारी दिलं, वकीलदादा, नोटीस आली तर तुम्हाला लिहीनच. दारापर्यंत आले आणि विचारलं, तुझ्याकडे बोर्ड आहे का, जुना चार बाय तीनचा स्टोअरमध्ये पडलाय तो ने. मी नको म्हटलं, नवीन घेतलाय. आता वाटतं घ्यायला हवा होता.

पहिली बॅच ९ जणांची आहे, त्यातली ४ आमच्याच चाळीतली. क्लासमधल्या तिघांच्या आया आल्या होत्या, त्यांची फी तिकडे भरलीय म्हणून वर्ष पूर्ण करा सांगून परत पाठवल्या, एक रागावून गेली. गिरणगाव दादा, बाकं तुमच्या मुलांनी तीन मजले चढवली, आईने त्यांना पोहे केले ते तुम्ही थांबलात नाही म्हणून राहिले, रविवारी या. नवीन ट्रायल बॅलन्स १३ झालेत, ७ बाकी आहेत.